दौलतगंजच्या खासगी सूर्यास

चि. तेजोनिधी यांस,
मुक्काम दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर



पत्र बंद पाकिटातून द्यायचं मनात होतं. पण त्यासाठी तुमच्या दाराशी यावं लागतं, आणि दिवेलागणीनंतर तुमच्या दाराकडे तोंड करून चालणं आता मला जमत नाही. दिवसा तुम्ही घरी सापडत नाही. म्हणून हे उघडंच लिहितो. गल्लीने वाचावं, बाड्यावर वाचावं, वाटलं तर रात्री तुमच्या गाडीच्या उजेडात वाचावं. फालके बाजारातून अक्षर लागेल.

शाळेत मी तुम्हाला 'अरे' म्हणत होतो. आता 'तुम्ही' म्हणतो, त्याला कारण आहे. तुमची गाडी समोरून आली की माझा उजवा हात आपोआप कपाळाकडे जातो. जातो तो डोळ्यांवर आडोसा धरायला, पण लांबून बघणाऱ्याला मुजराच दिसतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी टाकली, तिचं लष्कर झालं, आणि तेव्हापासून या भागात पुष्कळ मुजरे झडले. ते घेणाऱ्यांना आधी लढाया माराव्या लागत. तुमचं काम एका पार्सलात झालं. ज्याला सारी गल्ली मुजरा करते त्याला अरे-तुरे करणं शोभत नाही.

तुमच्या साधनेची सगळी पर्वं मी आमच्या गॅलरीतून पाहिली आहेत. इतिहासात त्यांची नोंद राहावी म्हणून लिहून ठेवतो.

पहिल्या पर्वात तुम्ही नुसता बल्ब बदललात. कंपनीने दिलेला होता साठ-पंचावन्नचा एच-४, म्हणजे अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५. तुम्ही आणलात शंभर-नव्वदचा. दुकानदार म्हणाला असणार, "भैया, रात को दिन हो जाएगा." तो खोटं बोलला नाही, फक्त किती वेळ ते सांगायचं राहिलं. बारा व्होल्टला साठ वॅट म्हणजे पाच अँपिअर. शंभर वॅट म्हणजे आठाच्या वर. वायर, होल्डर आणि स्टिअरिंगजवळचा स्विच हे सगळं पाचाच्या हिशेबाने बनवलेलं. हे गणित मी फळ्यावर शिकवलं होतं, पण फळ्यावरच्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा तुमचा स्वभाव नाही. तुम्ही प्रयोग केलात. होल्डर वितळला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आमच्या देवघरापर्यंत आला. विद्यार्थ्याने स्वखर्चाने नियम पडताळून पाहावा याहून विज्ञानाच्या मास्तराला दुसरं सुख कोणतं?

दुसऱ्या पर्वात एलईडी अवतरली. मागे इवलासा पंखा असलेली, ऑनलाइन मागवलेली. तिचा खोका तुम्ही दारात टाकलात आणि आमच्या सौ.ने तो पणत्या ठेवायला उचलला, त्यामुळे त्यावरचा मजकूर माझ्या संग्रही आहे. २०० वॅट. ४०,००० लुमेन. ६,५०० केल्विन. खाली एका वाघाचं चित्र.

वाघाबद्दल मला काही म्हणायचं नाही. बाकीच्या आकड्यांकडे जरा बघू. साठ-पंचावन्नचा एच-४ डिपरवर साधारण हजार लुमेन देतो. तेव्हा ४०,००० लुमेन म्हणजे असे चाळीस बल्ब, वीस गाड्यांची वरात, तुमच्या एका बाजूच्या दिव्यात मावली! आता २०० ला १२ ने भागा. साडेसोळा अँपिअरच्या वर. छोट्या गाड्यांत हेडलाइटचा फ्यूज बहुधा दहा-पंधरा अँपिअरचा असतो. तुमचा फ्यूज उडाला का? नाही उडाला. म्हणजे ते २०० वॅट कधी आलेच नाहीत. वाघाच्या जागी मांजर निघालं आणि ते सिद्ध करायला दोन रुपयांचा फ्यूज पुरला. तुम्ही फसलात याचं वाईट वाटून घ्यावं की गाडी पेटली नाही याचा आनंद मानावा, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मग तुम्ही विचाराल, आणि वर्गात विचारलं नाहीत तरी आता विचारायलाच हवं, की उजेड एवढा नव्हताच तर मास्तरांचे डोळे का दिपले? सांगतो. दहावीच्या वर्गात अंतर्गोल आरसा शिकवताना तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. हेडलाइटमध्ये बल्बमागे जी चकचकीत वाटी असते तिचा आकार त्या बल्बसाठी कोरलेला असतो. एच-४ मध्ये दोन तारा असतात. अप्परची तार वाटीच्या नाभीशी, डिपरची तिच्या किंचित पुढे, आणि या डिपरच्या तारेखाली एक पत्र्याचं नखाएवढं पाळणं. ते पाळणं खाली जाणारा उजेड अडवतं. मग तारेचा उजेड वाटीच्या वरच्याच अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परतताना रस्त्याकडे झुकतो. समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीखाली एक स्वच्छ आडवी रेघ पडते. रेघेखाली उजेड, रेघेवर काळोख. सारी कारागिरी त्या पाळण्यात आणि तारेच्या जागेत आहे, तीही मिलिमीटरच्या अंशाइतकी नेमकी. १९७१ मध्ये युरोपात हा बल्ब मान्य झाला, तेव्हापासून जगातल्या कोट्यवधी गाड्यांनी या नखाएवढ्या पत्र्याच्या भरवशावर एकमेकींना वाट दिली.

तुमच्या एलईडीत तार नाही. एका चपट्या पट्टीच्या दोन अंगांना चिप चिकटवलेल्या. वाटीला बिचारीला वाटतं तार तिथेच आहे, आणि ती जुन्या सवयीने उजेड परतवत बसते: थोडा रस्त्यावर, थोडा लिंबाच्या झाडावर, थोडा दुसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि उरलेला माझ्या चष्म्यात. तुमच्या पदरात काय पडतं ते सांगू? बंपरपुढचा पांढराफटक तुकडा. तो इतका उजळ दिसतो की त्यापलीकडचा रस्ता आणखी काळा होतो. तुम्हाला जास्त दिसत नाही, चिरंजीव. तुम्हाला जास्त दिसल्यासारखं वाटतं.

तिसरं पर्व ओव्हनपर्व. यावर खरं तर दिवाळी अंकात स्वतंत्र लेख व्हावा.

त्या रविवारी तुम्ही ओट्यावर बंपर काढून ठेवलात आणि दोन्ही हेडलाइट, काचेसकट, बगलेत मारून स्वयंपाकघरात गेलात. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या वहिनी, त्या ओव्हनमध्ये नानकटाई करतात. त्यात तुम्ही हेडलाइट भाजलेत. विद्या मला ठाऊक आहे: हेडलाइटची पुढची काच, जी मुळात काच नसून पॉलिकार्बोनेट असते, ती मागच्या खोक्याला ब्युटाइल नावाच्या डांबरासारख्या चिकट वादीने बसवलेली असते. शंभर-सव्वाशे अंशांवर काही मिनिटं ठेवलं की वादी मऊ पडते आणि स्क्रू-ड्रायव्हरने काच उचकटता येते. कंपनीने ती वादी पाणी आत जाऊ नये म्हणून घातली होती, पण कंपनीला दौलतगंजातल्या रविवारची कल्पना नव्हती. वहिनी पदराने नाक धरून गच्चीवर आल्या होत्या. मी विचारलं, "काय भाजताय?" त्या म्हणाल्या, "दिवे लावतोय मुलगा."

आत तुम्ही प्रोजेक्टर बसवलात. भोवती देवदूताची पांढरी कडी आणि मध्यभागी, प्रोजेक्टरच्या भिंगामागे, सैतानाचा लाल डोळा. एकाच दिव्यात स्वर्ग आणि नरक अशी सोय मी आधी कुठे पाहिली नव्हती. पुढच्याच पावसाळ्यात डाव्या दिव्यात पाणी साचलं. हॅलोजन असता तर त्याच्या उष्णतेने निदान दव सुकलं असतं. एलईडी उष्णता मागे टाकते, काच गारच राहते, त्यामुळे आतलं धुकं आतच. रस्त्यावर धुकं नसलं तर तुम्ही घरून घेऊन निघता, इतकी ही स्वयंपूर्णता.

प्रोजेक्टर ही चीज वाईट नाही, हे कबूल करतो. त्यात आतच एक पडदा असतो आणि तो रेघ चांगली आखतो. तुमच्याही दिव्याने रेघ आखली आहे. मी रोज ती बघतो, कारण ती आमच्या भिंतीवर पडते. आणि तिथेच मला एक गंमत दिसली. ही रेघ सरळ नसते. एका बाजूला ती पायरीसारखी थोडी वर चढते, कडेच्या पाट्या आणि पायी चालणारे दिसावेत म्हणून. आपण डावीकडून गाडी चालवतो, तेव्हा चढ डाव्या बाजूला हवा. उजवीकडून समोरची वाहनं येतात, तिथे रेघ खालीच राहायला हवी. तुमचा चढ उजवीकडे आहे. म्हणजे तुम्ही उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशासाठी बनलेला माल उचललात. चीनमध्ये ही गाडी निर्दोष ठरेल. इथे ती रस्त्याच्या कडेचे खड्डे अंधारात ठेवते आणि समोरच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांची काळजीपूर्वक तपासणी करते.

भिंतीचा विषय निघाला म्हणून आमच्या आईंचं सांगतो. त्या रस्त्याकडच्या खोलीत झोपतात. तुम्ही रात्री अकराला गाडी लावता, आणि लावल्यावर दिवे चालू ठेवून खाली उतरून त्यांच्याकडे कौतुकाने बघत उभे राहता. आई उठतात, चूळ भरतात, देवापुढे बसून भूपाळी सुरू करतात आणि मला चहा टाकायला सांगतात. मी सांगतो, अहो, अकरा वाजलेत. त्या खिडकीकडे बोट दाखवतात. पुराव्यापुढे मी गप्प बसतो. हल्ली आमच्या घरी काकडआरती दोनदा होते. एक देवाची, एक तुमची.

आता सरकारकडे वळू. तुम्हाला वाटतं कायदा दिव्याच्या वॅटवर बोलतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम मला फार आवडतो, कारण तो लिहिणाऱ्याने दिव्याकडे बघणाऱ्याच्या जागी जाऊन तो लिहिला. दिव्यापासून आठ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला दिपवू शकणार नाही इतका उजेड कायमचा खाली झुकलेला हवा. बघा, सरकारने रस्त्यावर एक माणूस उभा केला आणि त्याच्या डोळ्यावरून तुमचा दिवा मोजला. दीड मीटर म्हणजे स्कूटरवर बसलेल्या बाईचा डोळा, सायकलवरच्या पोराचा, देवळातून परतणाऱ्या आमच्यासारख्या खुज्या मास्तराचा. हेडलाइट तुम्ही विकत घेतलात, त्याचं पेट्रोल तुम्ही भरता, पण तो नीट आहे की नाही हे ठरवायचा हक्क कायद्याने समोरून येणाऱ्याला दिला आहे. आणि दौलतगंजची गल्ली अशी की आठ मीटर मागे सरायला गेलो तर मी कुणाच्या तरी माजघरात निघेन. तेव्हा दुसरा उमेदवार नसल्याने तो माणूस मीच आहे असं समजा.

लाल डोळ्यांबद्दल नियम १०८ आहे: गाडीच्या पुढून लाल दिवा दिसता कामा नये. १ मे २०१७ पासून मंत्र्यांचे, खुद्द पंतप्रधानांच्याही गाडीवरचे लाल दिवे उतरले. देशभर एवढी काटकसर झाली ती कुठे तरी वापरायची म्हणून तुम्ही दोन बसवून घेतलेत.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. गाडी नोंदणीच्या कागदावर कंपनीने जशी सांगितली तशीच राहायला हवी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ अ हे कलम बदललं, त्यात परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द वाचून मला तुमची आठवण आली. प्रोजेक्टर एक, देवदूत दोन, सैतान तीन, वायरिंग चार. वीस हजार. उजवा-डावा वेगळा मोजणारा कडक हवालदार भेटला तर आकडा सांगत नाही, आई झोपल्या आहेत. शिवाय उद्या वायरिंगने पेट घेतला तर विमा कंपनीचा माणूस आधी तुमचा ओव्हन बघायला येईल.

युरोपात दोन हजार लुमेनच्या वरचा झेनॉन दिवा कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्यासोबत दोन गोष्टी सक्तीने येतात: काच धुणारा फवारा, आणि गाडीचं नाक वर-खाली झालं की दिवा आपोआप झुकवणारी यंत्रणा. कारण धुळीने माखलेली काच तोच उजेड चहूकडे फेकते. तुमच्या दिव्याची काच गेल्या होळीला धुतली गेली, तीही पोरांच्या पिचकारीने.

मुलांनी मला विचारलं, सर, जुन्या काळी असं नव्हतं का? असं नव्हतं. जुन्या काळी गाड्यांच्या हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासलेला असे. १९७१ च्या युद्धात तो विमानांच्या भीतीने फासला, पुढे पोलीस समोरच्याला दिपवू नये म्हणून फासायला लावत. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झाली, त्यात ग्वाल्हेरही होतं आणि इथेही दिवे मालवले गेले. महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ असलेलं आपलं शहर. त्या संध्याकाळी तुमची गाडी बाहेर निघाली नाही, हे देशाचं नशीब.

गल्लीपुरतं मी सोसलंही असतं. पण तुम्ही शिवपुरी रस्त्यावर जाता. पावसाळ्यात त्या रस्त्यावर रात्री गुरं बसलेली असतात हे तुम्हाला माहीत आहे, आणि म्हैस डांबराच्या रंगाची असते हेही. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांपुढे तीन सेकंद पांढरं झालं तर तो पन्नास मीटर आंधळा चालतो. बाहुली आकसायला क्षण पुरतो, पण अंधाराला पुन्हा सरावायला डोळ्याला बराच वेळ लागतो, पुरतं सरावायला अर्धा तासही. वय झालं असलं, मोतीबिंदू धरला असला की आणखी. ट्रकच्या मागे 'यूज डिपर अ‍ॅट नाइट' लिहिलेलं तुम्ही गमतीने वाचता. ते लिहिणाऱ्याला रात्रीचा अनुभव आहे. आणि एक साधी गोष्ट तुमच्या लक्षात यायला हवी होती: ज्याला तुम्ही आंधळा केलात, तो तुमच्याच दिशेने येत असतो.

जानेवारीतल्या त्या रात्रीची आठवण काढू का? नाही म्हणालात तरी काढतो. ग्वाल्हेरच्या मेळ्यातून परतताना असं धुकं उतरलं होतं की पडावाचा पूल त्याच्या पोटात गेला होता. तुमची गाडी फूलबागेपाशी कडेला उभी. धुक्यात उंचावरून फेकलेला पांढरा उजेड पाण्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. म्हणून धुक्याचे दिवे बंपरच्या खाली, जमिनीलगत, आडवे पसरणारे असतात. तुमच्या काचेपुढे चुन्याची भिंत उभी होती. माझ्या स्कूटरचा पिवळट, बापुडवाणा बल्ब मात्र पुढची दहा पावलं दाखवत होता. तुम्ही काच खाली करून म्हणालात, "सर, तुम्ही पुढे व्हा." शिंदे की छावणी, इंदरगंज असं करत ४०,००० लुमेन माझ्या मागच्या लाल बल्बच्या आधाराने घरी आले. वाटेत माझ्या आरशात तुम्ही होतात, त्यामुळे मला माझा रस्ता दिसत नव्हता. मी सवयीने चाललो होतो. हे तेव्हा सांगितलं नाही.

आपल्या शहराला उजेडाची हौस नवी नाही. जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छताला पेलतील की नाही हे बघायला गच्चीवर हत्ती चढवले होते असं सांगतात. गोष्ट खरी असो की वाढवलेली, तिच्यातली अक्कल खरी आहे: आधी भार तपासला, मग दिवा टांगला. तुमच्याकडे हत्ती नव्हता, मान्य. पण कंपनीचं मॅन्युअल होतं. ते डिकीत स्टेपनीच्या खाली, पिशवीसुद्धा न फोडता ठेवलेलं आहे.

आता थोडं तुमच्या बाजूने बोलतो, नाही तर म्हणाल सरांनी झोडपायलाच हातात घेतलं. कंपनीचे दिवे कित्येक गाड्यांत खरोखर मंद असतात. आपल्या रस्त्यांवरचे खांब लागतात तसे विझतात. तुम्हाला रात्री नीट दिसावं ही इच्छा रास्त आहे, आणि घरच्या घरी करण्यासारखंही बरंच आहे. काच पिवळी पडली असेल तर पाण्याचा सँडपेपर आणि पॉलिश घेऊन बसा. रविवार सत्कारणी लागेल आणि ओव्हनही मोकळा राहील. मग बल्बच्या टोकांशी व्होल्ट मोजा. हॅलोजन मोठा नाजूक असतो, बारातला एक व्होल्ट वाटेत गळाला की उजेड जवळजवळ पाव हिश्शाने घटतो. गंजलेला अर्थिंगचा नट घासून घट्ट केला, किंवा जुन्या गाडीत मेकॅनिककडून रिले नीट बसवून घेतला, तर तोच साठ-पंचावन्नचा बल्ब नव्यासारखा पेटतो. आणि स्टिअरिंगच्या बाजूला ती जी छोटी चक्री आहे, शून्यापासून पुढे आकडे असलेली, ती रेडिओची नव्हे. मागे पाहुणे बसले, डिकीत मोरेन्याच्या गजकाचे डबे भरले की गाडीचं नाक वर होतं; तेव्हा ती फिरवून दिवे खाली आणायचे. तुम्ही ती अजून एकदाही फिरवलेली नाही, हे मी भिंतीवरून सांगू शकतो.

दिव्याची उंची लावून घ्यायची तर सपाट जागा आणि दहा मीटरवर भिंत हवी. त्या भिंतीवर रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. दौलतगंजात दहा मीटर मोकळे नाहीत. मेळ्याच्या मैदानावर वर्षाचे दहा महिने मुबलक आहेत. टेप माझ्याकडे आहे, खडूही. मागच्या सीटवर मी बसतो, म्हणजे भारही बरोबर येईल.

तर मागणं एवढंच: सैतान काढा, देवदूत काढा, चीनला जाणारा प्रोजेक्टर चीनला पाठवा. कंपनीचा हेडलाइट मिळतो. महाग आहे, पण वीस हजारांच्या आत बसेल. साठ-पंचावन्नच्या बल्बची जोडी तर काही शे रुपयांत येते. येत्या रविवारी जमत असेल तर वहिनींकडे निरोप ठेवा.

आपला,
समोरच्या गॅलरीतला, आठ मीटरच्या आतला
एक निवृत्त मास्तर

ता. क. : मेळ्यात रोड टॅक्सची सूट मिळाली की नवी गाडी घ्यायचा तुमचा बेत आहे, असं कानावर आलं. जरूर घ्या. वरच्या मॉडेलला कंपनीचाच एलईडी हेडलाइट येतो, त्याच्यासाठीच कोरलेल्या वाटीसकट. गाडी दारात आली की नारळ फोडायला मला बोलवा. फक्त मी पोहोचेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर वहिनींच्या ताब्यात असू द्या.